गळ्यातली कात्री

शिंप्याचे वरचे पुढचे दोन दात हलत होते. हिरडीच्या रोगाने मुळांभोवतीचं हाड पोखरून टाकलं होतं. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी त्याच्या दंडातून रक्त काढलं, यंत्रात गरगर फिरवलं आणि त्यातला वर आलेला पिवळसर थर हाडाच्या भुकटीत कालवून हिरडीखालच्या खड्ड्यात भरला.

"तुमच्याच रक्ताच्या मदतीने हाड भरून येईल, पण सहा महिने या दातांना काम द्यायचं नाही," त्या म्हणाल्या. "हा शेवटचा उपाय आहे. पुन्हा हलले, तर काढावेच लागतील."

शिंपी आरशात बघत म्हणाला, "टाके जरा लांब लांब पडलेत, बाई."

"आधी तोंड मिटा," बायको खेकसली. "चाळीस वर्षं दोरा दाताने तोडतोय हा माणूस. सांगून सांगून माझी जीभ झिजली."

घरी आल्याआल्या तिने नाडीला कात्री बांधून त्याच्या गळ्यात अडकवली.

आठ दिवस त्याने पातळ खाऊन काढले. नवव्या दिवशी दुपारी तो एका कोटाला शेवटचं बटण लावत होता. गाठ मारून त्याने मान खाली घातली आणि नेहमीसारखा दोरा दातात धरून हिसका दिला.

दोरा तुटला. तोंडात खारट चव पसरली. जिभेने चाचपलं, तर टाका सुटला होता आणि एक दात आडवा झाला होता.

"झालं का बटण?" बायकोने आतून विचारलं.

"हं," तो ओठ न उघडता म्हणाला. मग गळ्यातली कात्री उचलून त्याने दोऱ्याचं लाल झालेलं टोक कापून टाकलं.