पाठमोरी खुर्ची

घर बांधून झालं तेव्हा मुलाने आईला डोळे मिटायला लावले आणि हाताला धरून आत नेलं. "आता उघड," तो म्हणाला. माईंनी डोळे उघडले आणि त्यांना वाटलं, आपण अजून बाहेरच आहोत. पायाखाली करडी दगडी फरशी, समोर हिरवळ, पलीकडे पोहायचा लांबट तलाव. मग एक सोफा दिसला, वर लाकडी छत दिसलं, तेव्हा कुठे कळलं की हा दिवाणखाना.

बागेच्या बाजूची भिंत सगळी काचेची होती. ती सरकवत नेली की शेजारच्या भिंतीच्या पोकळीत जाऊन पार नाहीशी व्हायची. मग उरायची ती एकच फरशी, सोफ्यापाशी सुरू होऊन उंबरठा न ओलांडता थेट पाण्याच्या काठापर्यंत गेलेली. आर्किटेक्ट बाईंनी हेच तर योजलं होतं, की आत कुठे संपतं आणि बाहेर कुठे सुरू होतं ते कळूच नये.

"मग चपला नेमक्या कुठे काढायच्या?" तात्यांनी विचारलं. सगळे हसले.

तात्या म्हणजे सुनेचे वडील. सुनेची आई जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि इकडे माईही एकट्याच होत्या. म्हणून दोघांनाही याच घरात आणायचं असं मुलाने आणि सुनेने घराचा नकाशा काढतानाच ठरवलं होतं. व्याही आणि विहीण एका घरात राहणार म्हटल्यावर नातेवाइकांच्या भुवया वर गेल्या. सून म्हणायची, त्यांच्या खोल्यांच्या मध्ये अख्खं अंगण आहे, भांडायचं तर ओरडावं लागेल, आणि तात्यांना तर ओरडलेलंही धड ऐकू येत नाही.

घर घोड्याच्या नालेसारखं होतं. मधल्या अंगणात बारीक पानांचं एक उंच झाड. एका हाताला माईंची खोली, समोरच्या हाताला तात्यांची. दोन्ही खोल्यांना अंगणाच्या बाजूने जमिनीपासून छतापर्यंत काच.

माईंनी आयुष्यभर पडदे शिवले होते. बाजारात त्यांचं छोटं दुकान होतं आणि लोक त्यांना पडदेवाल्या बाई म्हणूनच ओळखायचे. या घरात एकही पडदा नव्हता. दिवसा त्यांचं काही अडायचं नाही. झाड बघत भाजी निवडण्यात त्यांचा वेळ मजेत जायचा. पण दिवेलागण झाली की अंगण दिसेनासं व्हायचं आणि काचेत त्यांना स्वतःचीच पलंगावर बसलेली आकृती दिसायची. आपल्याला दिसत नाही, पण बाहेरून आपलं सगळं दिसतंय, या विचाराने त्यांना चोरट्यासारखं व्हायचं. त्या कपडे बाथरूममध्ये बदलायच्या. केस तिथेच विंचरायच्या. आणि संध्याकाळी दिवाच लावायच्या नाहीत. जेवायला हाक येईपर्यंत अंधारात बसून राहायच्या.

मुलाला यातलं काही माहीत नव्हतं. तो अधूनमधून विचारायचा, घर आवडलं ना. त्या म्हणायच्या, फार मोकळं आहे रे. आणि ते काही खोटं नव्हतं.

तात्या बंदरावर क्रेन चालवायचे. उंचावरच्या काचेच्या खोपटात एकट्याने बसायचं आणि खालची माणसं, जहाजं, पेट्या बघत राहायचं, हीच त्यांची नोकरी. हात मोकळे झाले तरी डोळ्यांची सवय गेली नव्हती. त्यांची खुर्ची काचेला लागून असायची. समोरच्या खोलीत संध्याकाळी अंधार असतो हे त्यांच्या लक्षात आलं होतं. विहीणबाईंचा डोळा लागत असेल, असं ते धरून चालले होते.

एका संध्याकाळी जावयाची गाडी फाटकातून वळली आणि तिच्या दिव्यांचा झोत अंगणातून माईंच्या खोलीवर फिरला. क्षणभरच. पण तेवढ्यात तात्यांना दिसलं, की माई पलंगाच्या कडेला ताठ बसल्या आहेत, हात मांडीवर, डोळे टक्क उघडे. बस थांब्यावर एखादी बाई बसते तशा.

लोकांच्या डोक्यांवरून जड ओझी नेण्यात जन्म गेलेला माणूस घाईने काही करत नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी खुर्ची उचलून फिरवली आणि काचेकडे पाठ करून, आपल्या कपाटाकडे तोंड करून बसले.

माईंना समोर त्यांची पाठ दिसली. त्या दिवशी त्यांना काही वाटलं नाही. पण नंतरही रोज तीच पाठ दिसायला लागली तेव्हा त्यांना चैन पडेना. आपल्या हातून काय घडलं ते त्यांना आठवेना. शेवटी दोन कप चहा घेऊन त्या अंगण ओलांडून गेल्या.

"व्याहीबुवा, माझं काही चुकलं का?"

हळू आवाजात विचारायचा हा प्रश्न. पण तात्यांना ऐकू जाईना, म्हणून तो माईंना मोठ्याने परत विचारावा लागला.

"तुमचं कसलं चुकतंय," तात्या म्हणाले. "चूक माझी होती. तुम्ही दिवा लावत नाही तो माझ्यामुळे. मी इथे घुबडासारखा बसलेला."

आपलं अंधारात बसणं कुणाला कळलं असेल हे माईंच्या मनातही आलं नव्हतं. मग कप त्यांच्या हातात देत म्हणाल्या, "तुमच्यामुळे नाही हो. ही काच आहे ना, तिच्यामुळे. तुम्ही नसता तरी मी दिवा लावला नसता. मला त्या झाडाचीसुद्धा लाज वाटते."

"म्हणजे मी एवढे दिवस कपाटाकडे बघत बसलो ते फुकटच?"

माईंना हसू आवरेना. चहा बशीत सांडला.

त्या दिवशी दोघांनी ठरवलं की मुलांना यातलं काही सांगायचं नाही. त्यांनी किती हौसेने बांधलंय घर. खुर्ची मात्र तात्यांनी तशीच राहू दिली. बाईमाणसाला संकोच वाटतो म्हटल्यावर आपण तिकडे तोंड करून बसायचं नाही, एवढंच त्यांना कळत होतं. आणि माई आता अंधारात एकट्या बसण्याऐवजी चहा घेऊन तात्यांकडे जायला लागल्या. तात्या बंदरावरच्या गोष्टी सांगायचे, माई गिऱ्हाइकांच्या. नवरा-बायको कापड निवडायला आली की ती किती वर्षं टिकतील हे आपण ओळखायचो, असं माई म्हणायच्या.

घरांचे फोटो छापणाऱ्या एका मासिकाची माणसं आली तो दिवस मात्र दोघांनाही जड गेला. आर्किटेक्ट बाई सकाळीच हजर झाल्या होत्या. फोटोग्राफर मोठा सभ्य माणूस होता. त्याने माईंच्या औषधाच्या बाटल्या, तात्यांचा कानाच्या यंत्राचा डबा, दोरीवरचे टॉवेल, सगळं स्वतःच्या हाताने अलगद उचलून कपाटात ठेवलं. मग तो म्हणाला, आजी, जरा तिकडे बसता का. माई दिवाणखान्यातून स्वयंपाकघरात गेल्या. थोड्या वेळाने तिथे फोटोसाठी दिवे लागले, तसे त्या आणि तात्या अंगणात आले. अंगण दिवाणखान्याच्या फोटोत येत होतं. म्हणून माईंच्या खोलीत गेले, तर ती अंगणाच्या फोटोत येत होती. या घरात माणूस कुठेही उभा राहिला तरी तो कुठल्या ना कुठल्या फोटोत दिसायचाच.

शेवटी तात्यांनी बिस्किटांचा पुडा उचलला आणि माईंना खूण करून गॅरेजमध्ये नेलं. दोघं गाडीच्या मागच्या सीटवर जाऊन बसली. तात्यांनी दारं लावून घेतली. आत अर्धवट उजेड होता आणि कसलाही आवाज नव्हता. माईंनी अंबाडा सोडला, पर्समधली फणी काढली आणि सावकाश केस विंचरायला घेतले. तात्या खिडकीबाहेरच्या भिंतीकडे बघत बिस्किट खात राहिले.

"किती बरं वाटतंय हो इथे," माई म्हणाल्या.

दुपारी मुलाला आई कुठे दिसेना. दोघांचेही फोन कुठल्याशा खणात वाजत होते. तो तलावाकडे धावला, फाटकाबाहेर बघून आला, सगळ्या खोल्यांतून फिरला. गॅरेजमध्ये शिरला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. गाडीत दोघांची डोकी दिसली आणि तो पुढचं दार उघडून ड्रायव्हरच्या जागेवर बसला.

"आई, इथे काय करतेस?"

"बसलेय. फोटो चाललेत ना."

"घरात बसायला जागा नाही?"

तात्यांनी बिस्किटाचा पुडा नीट गुंडाळून बाजूला ठेवला. "जावईबापू," ते म्हणाले, "तुमच्या आई रोज संध्याकाळी अंधारात बसतात. आम्ही सांगायचं नाही असं ठरवलं होतं, पण सांगतो."

माईंनी त्यांना दबक्या आवाजात गप्प बसायला सांगितलं. पण ऐकू न येण्याची सोय तात्यांना कायमचीच होती. त्यांनी सगळं सांगितलं. बाथरूममध्ये केस विंचरणं माईंच्या बोलण्यात कधीतरी येऊन गेलं होतं, तेही सांगितलं.

मुलगा समोरच्या आरशातून आईकडे बघत होता. माईंचे केस अजून मोकळेच होते.

"नकाशात प्रत्येक खोलीला पडद्याची पन्हळ होती," तो म्हणाला. "छतात खाच, पडदा सरकवायला. आर्किटेक्टने आपणहून दिली होती. मी बुजवायला लावली."

"का रे?"

"दुकानामागच्या आपल्या खोलीला खिडकी नव्हती. दिवसासुद्धा ट्यूबलाइट. तू सगळ्या गावाच्या खिडक्यांचे पडदे शिवायचीस आणि आपल्याला एक खिडकी नव्हती. मी अभ्यास करायचो, वर बघितलं की तुझ्या चारी बाजूंना कापड. तेव्हाच ठरवलं होतं, आपण घर बांधू तेव्हा आईच्या डोळ्यांसमोर कापड म्हणून येऊ द्यायचं नाही."

माईंनी पुढे वाकून त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"वेड्या, मला कापडाचा कंटाळा कधी आला?" त्या म्हणाल्या. "आणि आभाळ मला आवडतं. पहाटे उठून बघते मी. फक्त मी कपडे बदलत असताना त्याने आत बघू नये, एवढंच."

मुलगा हसला आणि त्याच वेळी त्याने डोळेही पुसले. तेवढ्यात सून शोधत आली आणि दुसऱ्या बाजूचं दार उघडून आत बसली. काय चाललंय ते तिला सांगितलं.

"मीसुद्धा बाथरूममध्येच कपडे बदलते," ती म्हणाली. "राहायला आल्यापासून. मला वाटलं, तुम्हा सगळ्यांना मोकळं आवडतंय, तर मी एकटीने कशी कुरकुर करू?"

यावर चौघंही इतकी हसली की आर्किटेक्ट बाई काचेवर टकटक करत होत्या ते कुणाला ऐकूच आलं नाही. त्यांनी वाकून आत बघितलं. सगळा प्रकार कळल्यावर त्या जरा ओशाळल्या. मालकाने नको म्हटलं आणि आपण लगेच ऐकलं, ज्यांची खोली त्यांना एकदा विचारायला हवं होतं, असं त्या म्हणाल्या. मग त्यांनी सांगितलं की पन्हळ काही बुजवलेली नाही, वरून नुसती लाकडी पट्टी मारली आहे, आणि ती सहज निघेल. कापड कुठलं घ्यायचं ते माईंनीच सांगायचं.

माईंचं शिलाई मशीन घर बदलताना चादरीत गुंडाळून ठेवलं होतं. ते बाहेर निघालं. पहिला पडदा माईंच्या खोलीचा झाला. तो लागला त्या संध्याकाळी त्यांनी खोलीतले सगळे दिवे लावले, पडदा ओढून घेतला आणि खोलीच्या मधोमध उभं राहून निवांत कपडे बदलले. मग पडदा पुन्हा सारून त्या तडक तात्यांकडे गेल्या आणि खुर्ची सरळ करायला सांगितली. तात्या म्हणाले, कपाटाची सवय झाली होती, आता उगाच त्रास. पण खुर्ची त्यांनी लगेच फिरवली. पुढे बहुतेक संध्याकाळी माईंचा पडदा उघडाच असायचा. हवा तेव्हा ओढता येतो म्हटल्यावर त्यांना तो फारसा लागेनासा झाला.

सुनेच्या खोलीचा पडदा झाल्यावर दिवाणखान्याचा निघाला. एवढा लांब पडदा माईंनी जन्मात शिवला नव्हता. काचेची भिंत सारून त्यांनी ते फिक्या रंगाचं कापड फरशीवर पसरलं, तर निम्मं घरात आणि निम्मं बागेत गेलं. वारा त्याच्याखाली शिरून फुगवटे करायला लागला, तेव्हा तात्या पलीकडच्या टोकावर जाऊन बसले. माईंनी त्यांना चहाचा कप कापडापासून दूर ठेवायला दोनदा बजावलं.

मुलगा त्या दिवशी कामावरून लवकर आला. बूट काढून तो कापडाच्या कडेला बसला आणि मशीनची सुई वरखाली होताना बघत राहिला. काही मदत करू का म्हणाला. माई म्हणाल्या, नुसता बस. मग तो आडवा झाला. मशीनचा आवाज एका लयीत चालला होता आणि हवेत गारवा होता. थोड्या वेळाने माईंनी बघितलं तर त्याला गाढ झोप लागली होती, कापडाची एक घडी उशाला आणि एक अंगाखाली. शाळेतून आल्यावर तो दुकानात गठ्ठ्यांवर असाच झोपायचा.

सून चहा घेऊन आली, त्याला बघून दारातच थांबली आणि पावलं न वाजवता परत गेली. तात्यांनी मानेनेच विचारलं, काय करायचं. पुढे शिवायला हवा होता तो नेमका भाग त्याच्या अंगाखाली अडकला होता.

माईंनी मशीन थांबवलं. सुईत दोरा ओवून त्यांनी बागेतल्या टोकाची कड मांडीवर घेतली आणि त्याला जाग येईपर्यंत हातानेच टाके घालत बसल्या.