अंगाखालची चादर

डोळे मिटा पाहू. समजा, तुम्ही आजारी आहात, इतके की उठून बसायचंही त्राण नाही. अंगाखालची चादर चुरगळली आहे आणि ती बदलायची आहे, पण तुम्हाला पलंगावरून खाली न उतरवता. कशी बदलायची? आधी विचार करा, मग पुढे वाचा.

भिंगरीच्या आईला हेच शिकायचं होतं. भिंगरी नऊ वर्षांची. एका जागी बूड टेकेल तर शपथ, म्हणून सगळे तिला भिंगरीच म्हणत. तिची आई चाळिशीला टेकल्यावर नर्सिंगच्या शाळेत जाऊ लागली होती. तिथल्या बाईंची शिकवायची रीतच न्यारी. त्यांनी तिघातिघांचे गट पाडले आणि धड्याचे तीन तुकडे केले. एकेकाने एकेक तुकडा पक्का करायचा आणि उरलेल्या दोघांना शिकवायचा. परीक्षेत मात्र तिघांनी सगळं करून दाखवायचं, आणि ज्याला सर्वांत कमी गुण पडतील, त्याचेच गुण तिघांना.

आईच्या वाट्याला रुग्णाला कुशीवर वळवणं आलं. गटातल्या बाकीच्या दोघांना भिंगरी दादा आणि ताई म्हणे. दादाकडे जुनी चादर गुंडाळून काढणं, आणि ताईकडे नवी चादर घालून तिचे कोपरे गादीखाली खोचणं. परीक्षा उद्यावर आली, तेव्हा तिघं भिंगरीच्या घरी सरावाला जमली. रुग्ण अर्थातच भिंगरी. तिने हलायचं नाही आणि बोलायचं नाही, असं ठरलं. ही एवढा वेळ गप्प पडून राहिली तर मी नर्स काय, थेट डॉक्टर होईन, असं दादा म्हणाला.

तिघांनी आळीपाळीने तिन्ही तुकडे करून पाहिले. ताईचा हात सफाईचा. तिने खोचलेला कोपरा म्हणजे जणू बंद केलेलं पाकीट. दादाचंही बरं जमलं. आईचा कोपरा मात्र दर वेळी सुटून लोंबू लागे. ताईने न कंटाळता पुन्हा दाखवलं. पुन्हा तेच. शेवटी आई पलंगाच्या कडेवर बसली.

"मी उद्या बाईंना सांगते, मला गटातून काढा. सुक्याबरोबर ओलं कशाला जळायला हवं? माझं मी बघेन पुढच्या वर्षी."

 आज सोडलं तर आई पुन्हा त्या शाळेचं नाव काढणार नाही, हे भिंगरीला पक्कं ठाऊक होतं.

"मी बोलू का?" तिने विचारलं.

रुग्णाला परवानगी नाही, असं दादा म्हणतच होता, तोच ताईने त्याला कोपराने ढोसलं.

"दादाने वळवलं तेव्हा वाटलं, पडले मी. ताईने वळवलं तेव्हाही. आईने वळवलं तेव्हा नाही वाटलं."

दादा आपल्या हातांकडे बघत राहिला. आईने शिकवल्याप्रमाणेच त्याने एक हात खांद्यावर ठेवला होता, दुसरा कमरेवर. मग चुकलं कुठे?

"आई आधी सांगते ना. आता तुला माझ्याकडे वळवते, हात छातीवर घे, मी धरलंय. तुम्ही दोघं नुसते एकमेकांशीच बोलत होता, माझ्या डोक्यावरून."

आई ओशाळली. त्यात शिकवायचं काय, म्हणाली. ही तान्ही होती तेव्हापासून हिला आंघोळ घालताना आपण असंच बोलत आलो, ते तोंडातून आपोआप येतं.

"म्हणजे काकू, अर्धा धडा तुम्ही गिळूनच बसलात," दादा म्हणाला. "आणि वर आम्हाला सोडून निघालात."

ताई आईच्या शेजारी बसली. "आधी तुम्ही आम्हाला बोलायला शिकवा. मग कोपऱ्याचं बघू. लागेल तेवढा वेळ लागू दे, मला घाई नाही."

 आईने मान डोलावली.

भिंगरी टुणकन उठली. ताईने घट्ट खोचलेले सगळे कोपरे तिने एकामागून एक ओढून सोडले, चादरीवर लोळून ती मनसोक्त चुरगाळली, आणि पलंगाच्या मधोमध डोळे मिटून आडवी झाली.