विटलेली काळी फीत

जूनचा सूर्य तिथे मावळत नसे. उत्तर ध्रुवाजवळच्या त्या समुद्रात हिमखंडांच्या माथ्यांवर अष्टौप्रहर तोच फिकट, केशरी, निद्राहीन प्रकाश; खाली शिशासारखे जड पाणी; आणि क्षितिजावर, जळालेल्या जहाजांच्या धुराच्या काळ्या रेघा.

त्या रेघा कॅप्टन अँब्रोज लॅटिमरने ओढल्या होत्या. अमेरिकेच्या यादवी युद्धात, गुलामगिरी राखू पाहणाऱ्या दक्षिणेचा तो आरमारी अधिकारी. उत्तरेची व्यापारी जहाजे गाठायची, माणसे उतरवून घ्यायची, जहाज पेटवायचे. तीन वर्षे हेच; किनाऱ्यावरची बातमी महिनोनमहिने नाही.

प्रत्येक जहाजावरून तो एकच वस्तू स्वतःकडे ठेवी: समुद्रावर आपण कुठे आहोत ते सांगणारे घड्याळ. त्याच्या खोलीत अशी एकोणतीस घड्याळे होती. रोज सकाळी आठ वाजता तो स्वतः त्यांना किल्ली देई. जहाजांचे देह राख झालेले, नाडी तेवढी चालू. एकोणतीस नाड्या, एका भिंतीला लागून.

तिसावे जहाज समोर उभे होते. ‘पेशन्स’, देवमाशांच्या शिकारीचे. ध्वज अर्ध्या काठीवर उतरवलेला, त्याच्या कडेला काळी फीत शिवलेली. मशाली तयार होत्या. डांबराचा उग्र वास गोठलेल्या हवेत थिजून राहिला होता.

‘पेशन्स’चा म्हातारा कप्तान ओबेद स्वेन आपले घड्याळ छातीशी धरून लॅटिमरच्या जहाजावर आला.

“कोण गेलं तुमचं?” ध्वजाकडे पाहत लॅटिमरने विचारले.

“आमचे राष्ट्राध्यक्ष. आणि तुमचं युद्ध. दोन्ही एप्रिलमध्येच.”

खलाशी खदखदून हसले. “जहाज वाचवायला म्हातारा युद्धच मारून टाकतोय!”

“नऊ एप्रिलला तुमच्या सेनापतीनं शस्त्रं खाली ठेवली, कॅप्टनसाहेब. तुमच्या खोलीत म्हणे घड्याळांचं दुकान आहे. एवढी घड्याळं, आणि वेळ कळू नये?”

हसू थांबले. मशालींची चरचर तेवढी उरली.

हे खोटे असेल, तर जाळणे हे कर्तव्य. खरे असेल, तर लॅटिमर आता अधिकारी नव्हता. समुद्रावरचा दरोडेखोर होता, आणि दरोडेखोरासाठी फाशीचा दोर होता.

“तो ध्वज आणा,” तो म्हणाला.

ध्वज आला. त्याने हातमोजा काढला. फीत मिठाने ताठरली होती, उन्हाने विटून तांबूस झाली होती. नखाने त्याने एक टाका उसवला. दुमडीच्या आत, जिथे ऊन पोचले नव्हते, तिथे ती काळीभोर होती. काळीभोर, काल विणल्यासारखी.

आज सकाळी सुचलेले खोटे एवढे विटत नाही.

“मशाली विझवा.” आवाज त्याचाच होता, पण फार दुरून आल्यासारखा. “तोफा जहाजाच्या पोटात ठेवा. आपला ध्वज उतरवा.”

म्हाताऱ्याचे घड्याळ म्हाताऱ्याच्याच हातात राहिले. तो शिडी उतरला.

लॅटिमर खोलीत गेला. रोजनिशी उघडली. नऊ एप्रिलनंतरची पाने उलटत गेला आणि एकेक घड्याळ उचलून वेगळे ठेवत गेला. अकरा.

दुसऱ्या सकाळी आठ वाजता त्याने अठरांना किल्ली दिली. अकरांपाशी हात गेला, थबकला, परत आला.

तिसऱ्या दिवशी पहिले थांबले. मग दुसरे. मग तिसरे. अठरांच्या टिकटिकीत एकेक भोक पडत गेले. आणि अकरावे, किंचित रेंगाळून, शेवटचा ठोका देऊन निमाले.

खिडकीबाहेर सूर्य तसाच होता, न मावळणारा, न मिटणारा. तोंड लपवायला तसूभर अंधार नव्हता. होता प्रकाश, नुसता प्रकाश, आणि आधी जाळलेल्या जहाजांचा, पाण्यावर पसरत जाणारा धूर.