दारानं हो म्हटलं

मनकर्णाबाईंच्या अकोल्यातल्या जठारपेठेतल्या घराला ती घंटी बसली, त्याला कारण त्या स्वतःच. गॅसची नळी तपासायला आलो म्हणून एक जण दारात उभा राहिला. त्यांनी त्याला आत घेतलं, चहा केला, वर शंकरपाळे दिले, आणि तो देवघरातलं चांदीचं निरांजन घेऊन गेला. त्यांचा एकुलता एक मुलगा पियुष पुण्यात असतो. निरांजनापेक्षा त्याला शंकरपाळेच जास्त लागले. चोराला फराळ कशाला दिलास, हे त्यानं फोनवर इतक्यांदा विचारलं की शेवटी त्या म्हणाल्या, "चांगले झाले होते बापा, म्हणून देले."

पुढच्या सुट्टीत तो घंटी घेऊनच आला. काळी, साबणाच्या वडीएवढी, आणि मधोमध एक डोळा. कोणी बटण दाबलं, किंवा नुसतं समोर आलं, की दारातला माणूस पियुषला पुण्यात मोबाईलवर दिसायचा, आणि पियुष तिथूनच त्याच्याशी बोलायचा. घरात टीव्हीशेजारी एक डबी ठेवली होती. मनकर्णाबाईंना कमी ऐकू येई, म्हणून ती डबी वाजायची आणि निळी पेटायचीही.

खोटं कशाला बोला, घंटीनं उपकार केले. गुडघे धरून त्या उठेपर्यंत कुरियरवाला पळून जायचा, त्याला आता पियुष बोलण्यात धरून ठेवी. विमा विकणारा एक चिकट माणूस पुण्याहून हाकलला गेला, आणि इकडे बाईंच्या भाकरीचा पापुद्राही मोडला नाही. एकदा त्या पायरीवरच घसरल्या. ते पियुषनं पाहिलं आणि लगेच शेजारच्या कुलसुमबींना फोन लावला. कुलसुमबी पिठाच्या हातांनीच धावत आल्या. त्या दिवशी दवाखान्यात मनकर्णाबाईंचं बीपी बरंच वर सापडलं. डॉक्टर पियुषला म्हणाले की यांना धक्का बसेल असं काही एकदम सांगू नका.

पियुष लहानपणापासून आज्ञाधारक. त्यानं ते वाक्य गाठीला बांधलं. आईची दुपारची झोप मोडू नये म्हणून आतली डबी दुपारी मुकी राहील अशी सोय त्यानं पुण्यातूनच करून टाकली. आई दुपारी झोपत नाही, वाती वळत बसते, हे त्याला माहीत नव्हतं. घंटीचा डोळा बाहेर होता.

मनकर्णाबाईंच्या जिवाभावाचं माणूस म्हणजे त्यांची नणंद, दुर्पताबाई. ती मोर्णा नदीच्या पलीकडे जुन्या शहरात राहायची. नवरा वामनराव, मुलगा देवीदास, सून वर्षाली, असं भरलेलं घर. दुर्पताबाईला भाऊ एकच, आणि तो म्हणजे मनकर्णाबाईंचा नवरा. तो गेल्यावर तिचं माहेर म्हणून जे काय उरलं होतं ते एकट्या मनकर्णाबाई. दोघी कानांनी सारख्याच, त्यामुळे आपापसात फोनचा उपयोग नव्हता. निरोप, लोणचं, भांडणं, सगळं देवीदासच्या स्कूटरवरून यायचं-जायचं.

आपल्याकडे बाई गेली की तिच्या अंगावर शेवटचं लुगडं माहेरचं पडतं. ते येईपर्यंत तिला उचलत नाहीत. सांगावा घेऊन घरचा माणूस जातो. तो उंबऱ्याबाहेरून सांगतो, आत पाय ठेवत नाही, पाणी घेत नाही, दुसऱ्यांदा सांगत नाही, आणि मागं न पाहता निघतो. फोनवर सांगून बोलावलेलं माहेर हे माहेर नव्हे, अशी त्या घरची समजूत.

हे लुगडं दुर्पताबाईनं स्वतःच पसंत केलं होतं. दोघी मिळून दुकानात गेल्या आणि तिनं दुकानदाराला अर्धं कपाट उपसायला लावलं. हा हिरवा नको, तो काठ नको. मनकर्णाबाई वैतागून म्हणाल्या, "मेल्यावर कोण पाहाते व काठ?"

"तू पाहाशील ना, वहिनी. नेसवाले तूच येशील."

मोरपिशी काठाचं हिरवंगार लुगडं ठरलं. वामनराव धडधाकट होते आणि आपण सवाष्णच जाणार याबद्दल दुर्पताबाईला खात्री होती. डांबरगोळ्या घालून ते मनकर्णाबाईंच्या पेटीत गेलं. आपण आधी गेलो तर काय, असं त्या म्हणाल्या तेव्हा नणंद म्हणाली, खबरदार, आधी माझं काम कर आणि मग जा कुठं जायचं ते.

खात्री खरी ठरली. पावसाळा सरता सरता दुर्पताबाई सकाळची पूजा करता करता गेली.

देवीदास जठारपेठेत आला तेव्हा दुपार लागली होती. त्यानं पायरीखालूनच हात लांबवून बटण दाबलं. आत डबी मुकी. मनकर्णाबाई मधल्या खोलीत सरकीतून कापूस सोडवत होत्या.

"अरे, देवीदासभाऊ," दार बोललं. "आई झोपली आहे."

देवीदासनं त्या काळ्या वडीकडे पाहिलं. कुठं पाहून सांगावं हे त्याला कळेना. मग त्यानं डोळे खाली घातले आणि पायरीलाच सांगितलं.

"पियुष, माय गेली. मामीले सांग. लुगडं घेऊन या म्हणा, आमी थांबून आहो."

दारातून खरखर आली.

"हो," दार म्हणालं. "सांगतो."

देवीदास वळला. रिवाजाप्रमाणे त्यानं मागं पाहिलं नाही.

पियुष वाईट नव्हता. हे मुद्दाम सांगायला हवं, कारण वाईट असता तर त्याच्या हातून इतकं झालं नसतं. त्याला आत्याचं खरंच वाईट वाटलं. मग आईचं बीपी आठवलं, डॉक्टरचं वाक्य आठवलं. दिवाळीला आपण जाऊच, तेव्हा जवळ बसून सांगू, असं त्यानं ठरवलं. राहिला प्रश्न लुगड्याचा, आणि प्रश्न सोडवायची त्याला सवय होती. अकोल्यातल्या एका दुकानाला फोन करून त्यानं एक चांगली साडी जुन्या शहरातल्या पत्त्यावर तातडीनं पाठवायला सांगितली.

तिकडे तिरडी बांधून तयार होती. दर रिक्षाच्या आवाजाला बाया उठून पाहत, मामी आल्या का. ऊन कलायला लागलं. शेवटी आला तो दुकानाचा माणूस, हातात प्लॅस्टिकची पिशवी. त्या गर्दीत उभा राहून त्यानं विचारलं, पार्सल कोणाचं आहे. देवीदासनं पिशवी हातात घेतली तेव्हा तो म्हणाला, जरा असेच थांबा, माल पोचल्याचा फोटो लागतो. फोटो निघाला. त्यात देवीदास आहे, पिशवी आहे, आणि मागं दुर्पताबाईचे पाय आहेत. तो फोटो पियुषला मिळाला आणि त्याला बरं वाटलं, की चला, वेळेत पोचलं.

वामनराव सकाळपासून बोलले नव्हते. आता म्हणाले, "माहेर मेलं म्हणा, अन् उचला."

वर्षालीनं आपल्या कपाटातली कोरी साडी काढली. पिशवी कोणी उघडली नाही.

इकडे मनकर्णाबाईंनी देवीदासची वाट पाहिली. स्कूटर येईना, तसं त्यांनी पियुषला विचारलं. पियुषच्या तोंडून निघून गेलं की ते सगळे आत्याला घेऊन चिखलदऱ्याला गेलेत, हवापालटाला.

मनकर्णाबाईंना काय आनंद झाला. वामनरावांनी जन्मात बायकोला मूर्तिजापूरच्या पुढं नेलं नव्हतं. आता म्हातारपणी माणसाला अक्कल आली म्हणायची. कुलसुमबींना त्यांनी हे इतक्यांदा सांगितलं, की तिथं किती गार असतं, ढग कसे खिडकीतून आत येतात, की जणू त्याच जाऊन आल्या होत्या. दुर्पताबाईनं शाल नेली असेल का, याची त्यांना काळजी लागली. देवापुढे दिवा लावताना त्या एक वात तिच्या नावानं जास्तीची लावू लागल्या, तिची तब्येत सुधारावी म्हणून. पियुष रोज ऐकायचा आणि रोज म्हणायचा, अजून आले नाहीत वाटतं.

शेवटी त्यांना धीर निघेना. एका सकाळी शंकरपाळ्यांचा डबा घेऊन त्या रिक्षानं मोर्णेपार गेल्या. देवीदासच्या घराचं दार उघडं होतं. वर्षाली तांदूळ निवडत होती. मनकर्णाबाई उंबऱ्यातूनच हसत म्हणाल्या, "काय व, बुढीनं चिखलदऱ्याहून काय आणलं मायासाठी? की एकटीच हवा खाऊन आली?"

वर्षालीचा हात सुपात थांबला. ती उठली नाही. या बसा म्हणाली नाही.

"मामी," ती म्हणाली, "मेलेल्या माणसाची मस्करी आमच्यात करत नाहीत."

मग मनकर्णाबाईंना भिंत दिसली. भिंतीवर हार, हारात दुर्पताबाई. हार सुकून तपकिरी झाला होता.

त्या खाली बसल्या नाहीत, रडल्याही नाहीत. कधी, एवढंच विचारलं. वर्षालीनं सांगितलं. कसं थांबलो, कसं उचललं, सासऱ्यांनी काय म्हटलं, तेही सांगितलं. प्रत्येक शब्द ती तांदळातल्या खड्यासारखा वेगळा काढून ठेवत होती.

"मले कोणीच सांगितलं नाही, माय."

"हे गेले होते ना तुमच्या दारात. तुमच्या दारानं हो म्हटलं." वर्षाली आत गेली आणि न उघडलेली पिशवी घेऊन आली. "हे तुमचं. माहेर परत घेऊन जा."

आतल्या खोलीत वामनराव खोकले. बाहेर आले नाहीत. पाणी कोणी विचारलं नाही. शंकरपाळ्यांचा डबा मनकर्णाबाई उंबऱ्यावर विसरल्या, तो वर्षालीनं मागं धावून रिक्षात आणून दिला. तेवढा ऐवजही त्या घराला नको होता.

जठारपेठेत त्या उतरल्या आणि पायरीखाली उभ्या राहिल्या. घंटीनं त्यांना पाहिलं.

"आई, कुठे गेली होतीस?" पियुषचा आवाज आला. "आत जा ना, ऊन आहे."

त्यांनी पिशवी घंटीच्या डोळ्यासमोर धरली.

"तुयं पार्सल परत आलं, पियुष."



"आई, ऐक. डॉक्टरांनी सांगितलं होतं. तू आधी आत जाऊन बस, मी फोन करतो."

"फोनवर देत नसतात. देवीदासनं तुयाजवळ ठेवला तो सांगावा दे मले. मी उभी आहो."

पियुष काहीतरी पुटपुटला.

"ऐकू नाही आलं."

"आई, मी ऑफिसात आहे."

"मी बी रस्त्यात आहो."

तो थोडा मोठ्यानं बोलला. त्या पुन्हा ऐकू नाही आलं म्हणाल्या, आणि त्यात काही खोटं नव्हतं. मग पुण्यात काचेच्या खोलीत बसलेल्या पियुषला ओरडावं लागलं, आणि जठारपेठेच्या त्या गल्लीत दार ओरडलं, "आत्या गेली, आई."

"पुरं म्हण."

"लुगडं घेऊन या. आम्ही थांबून आहो."

भिंतीपलीकडे कुलसुमबी कपडे वाळत घालत होत्या. त्यांनी ओढणी डोक्यावर घेतली. मनकर्णाबाई मान हलवून म्हणाल्या, "आलीच," आणि आत गेल्या. पेटी उघडली. लुगडं बाहेर काढून मांडीवर ठेवलं, आणि मग कुठं त्यांच्या लक्षात आलं की आता हे घेऊन कुठंच जायचं नाही.

पियुष दिवाळीची वाट न पाहता आला. पाया पडला, रडला, घंटी काढून टाकतो म्हणाला. मनकर्णाबाईंनी त्याला जेवू घातलं. घंटी मात्र काढू दिली नाही. म्हणाल्या, "राहू दे. म्हातारपणी सोबत असते."

तो पुण्याला परत गेल्यावर दुपारी त्याचा मोबाईल वाजला. दारात कोणीतरी होतं. त्यानं पाहिलं. पायरीसमोर खुर्ची टाकून आई बसली होती. नवरा गेल्यापासून तिनं हिरवं अंगाला लावलं नव्हतं, आणि आता ती हिरवंगार लुगडं नेसून बसली होती, मोरपिशी काठ नीट दिसेल असा पदर पुढं घेऊन. घंटीच्या डोळ्यात पाहत होती. तो बरंच काही बोलला. ती काही बोलली नाही. ऊन कलल्यावर खुर्ची उचलून आत गेली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशीही. मोबाईल बंद ठेवावा, तर आई पुन्हा पायरीवर घसरली तर काय. म्हणून त्याला पाहावं लागतं.

परवा त्याची बायको रागिणी त्याच्या खांद्यावरून डोकावली. लुगड्याचं तिला कोणी सांगितलेलं नाही. "अय्या, आई बघ ना," ती म्हणाली, "हिरवा रंग किती खुलतो त्यांना. विचार ना कुठून घेतली."