ओळख न पटलेल्या माशीचं गाऱ्हाणं

मी एक माशी बोलतेय. कुठली माशी, ते मात्र विचारू नका. त्याच प्रश्नापायी मी आज या बोटभर बाटलीत स्पिरिटमध्ये बुडून पडले आहे.

माझा जन्म खिडकीतल्या कुंडीत झाला. काकू त्या कुंडीला रोज पाणी घालायच्या, झाडाला हवं असो वा नसो. माती कायम ओली आणि वर कुजलेली पानं. आम्हा अळ्यांची चंगळ होती. खाल्लं, कोशात गेले आणि एका सकाळी पंख घेऊन बाहेर आले. तिळाएवढी, काळी, लांब पायांची. दिसायला मी काही खास नाही, हे मला ठाऊक आहे.

कुंडीच्या काठावरच एका नराशी गाठ पडली. माझं पोट अंड्यांनी भरलं. आता एकच काम उरलं होतं, परत त्या ओल्या मातीत उतरून अंडी घालायची. आमचं आयुष्य मोजक्या दिवसांचं असतं, रेंगाळून चालत नाही. तरी खिडकीच्या काचेवर मी घटकाभर टेकले, आणि तिथेच काका आडवे आले.

काका नुकतेच निवृत्त झालेले. निवृत्त माणसं माश्या मारत बसतात म्हणे. आमच्या काकांनी माश्यांचे फोटो काढायला घेतले. कॅमेऱ्याला डब्याएवढं भिंग लावून ते झुडपांत वाकलेले असायचे, म्हणून शेजारीपाजारी त्यांना भिंगकाका म्हणत. फुलपाखरं काढून झाली, चतुर काढून झाले. पण ते कोणालाही ओळखू येतात, त्यात कसली मर्दुमकी? काकांना हवी होती या भागात आजवर कोणालाच न दिसलेली जात, आणि तिच्याखाली स्वतःचं नाव.

त्यांनी मला गोळ्यांच्या रिकाम्या डबीत पकडलं आणि फ्रीजमध्ये ठेवलं. थंडीने माशी बधिर होते आणि फोटोला शहाण्यासारखी बसते, हे या छंदातलं शास्त्र. काकूंना दुधाशेजारी डबी सापडली.

"अहो, हे काय ठेवलंय दुधाजवळ?"

"हात लावू नकोस. नमुना आहे."

"एक नमुना घरात आहे तेवढा पुरे. चिलट आहे हो ते, कुंडीतनं येतात. त्या कुंडीचं बघतेच मी आता."

"चिलट हे काय जातीचं नाव आहे का?" काका म्हणाले आणि मला घेऊन टेबलाशी बसले.

फोटो निघाले. वरून, बाजूने, पुन्हा वरून. काकांनी ते फोनवरच्या जाणकारांच्या गटात टाकले आणि तिथे जो काथ्याकूट सुरू झाला, तो ऐकून मला थंडीतही घाम फुटला. एक म्हणाला डास. दुसऱ्याने छातीठोकपणे लांबलचक नाव ठोकून दिलं. तिसऱ्याने त्याला अडाणी ठरवून त्याहून लांब नाव काढलं. एकीने विचारलं, "चावते का?" एकाने नुसताच अंगठा दाखवला. माझ्या पंखांच्या शिरा धूसर आल्या होत्या, पायांवरचे केस दिसत नव्हते, आणि आमच्या जाती जिच्यावरून ठरतात ती शेपटाकडची ठेवण तर एकाही फोटोत नव्हती. जितकं कमी दिसत होतं तितका आवाज मोठा. स्वतःच्या लग्नातल्या फोटोत मागे उभी असलेली बाई आपल्याकडची की त्यांच्याकडची, हे ज्यांना सांगता येत नाही, ते माझं कूळ काढत होते.

शेवटी एक प्राध्यापकबाई बोलल्या. आयुष्यभर माश्यांवरच काम केलेल्या. त्यांनी लिहिलं, "फोटोवरून जात सांगता येणार नाही. सूक्ष्मदर्शकाखाली बघावी लागेल. नमुना पाठवा." त्या गटात खरं बोललेल्या त्या एकट्याच, आणि त्यांच्या खरेपणानेच माझा जीव गेला.

काकांनी डबी उघडली तेव्हा मी नुकती शुद्धीवर येत होते. कुंडी समोरच होती. ओल्या मातीचा वास येत होता. एक उडी, बस.

काकू म्हणाल्या, "सोडा हो तिला. एवढ्याशा जिवाने तुमचं काय घोडं मारलंय?"

काका जरा थबकले. खोटं कशाला बोलू, थबकले. मग म्हणाले, "सोडली तर नाव कसं कळणार?" आणि स्पिरिटचा थेंब माझ्यावर पडला.

काका मला पोहोचवायला गेले, तेवढ्यात काकूंनी कुंडी उपडी केली, माती पसरून उन्हात खडखडीत वाळवली आणि परत भरली. माझे भाऊबंद, भाचरं, सगळी गेली. काकूंना दोष देत नाही. त्यांच्या चहात पडणारे आम्हीच.

मग बाईंचा फोन आला.

"अहो, तुम्ही तर मादी पाठवलीत. पोट अंड्यांनी गच्च आहे. यांच्या माद्या सगळ्या सारख्याच दिसतात, जात नरावरूनच कळते. नर पाठवा."

"पण तुम्ही नुसतं नमुना लिहिलं होतं."

"आमच्याकडे नमुना म्हटला की नरच धरतात हो. ते काय लिहायचं?"

फोन ठेवून काका पुटपुटले, "कुठे माशी शिंकली, कोण जाणे!" मी शिंकले नव्हते, काका. आम्ही शिंकत नाही. मी गुपचूप बसले होते आणि तुम्ही मला मारलंत.

बाटली परत आली. तिच्यावर काकांनी सुवाच्य अक्षरात चिठ्ठी डकवली आहे: "माशी. मादी. जात अनिश्चित." आता रोज सकाळी ते त्या कुंडीला स्वतःच्या हाताने पाणी घालतात आणि भिंग घेऊन नराची वाट बघतात. माती पुन्हा ओली आहे, पण तिच्यात कोणीच नाही.

काका, जरा इकडे या. ही बाटली उजेडात धरा आणि माझ्या पोटाकडे बघा. तुम्ही शोधताय तो नर इथेच आहे, आणि त्याचे सगळे भाऊही. मी फक्त कुंडीपर्यंत जाऊ द्या म्हणत होते.