संत्र्याची टाफी आन् भाऊजीचा रुसवा

आयका वं, पण मंधात कोणी बोलू नका, नाहीतर घंटी होईन आन् गोष्ट अर्धीच राहीन. मीना, तू सरक इकडे. वंदना, ते पुस्तक ठेव खाली.

तुम्हाले माहीतच आहे, दिवाळीच्या आधी हेडमास्तरनं मले वर्गाबाहेर उभं करून काय म्हटलं होतं. आमच्या जामसांवलीकडची बस सौंसरले येते तोवर शाळेचे दोन तास होऊन गेलेले राहतात. तं म्हणे, दिवाळीनंतर प्रार्थनेले हजर पाहिजे, नाहीतर नाव कटलं. घरी सांगितलं तं बापू म्हणे, पोरीच्या जातीले आठवी लय झाली. मंग आईनं तीन दिवस बापूच्या ताटात नुसतं वरण-भात वाढलं, तिखटाचं नाव नाही. चौथ्या दिवशी बापू सायकल घेऊन आले. नवी, काळी, डंड्याची, काऊन का बापूलेही संत्र्याच्या मळ्यात जायले कामी पडली पाहिजे. लक्ष्मीपूजनाले तिले हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला आन् ओसरीत उभी केली. मी दिवसातून वीस खेपा जाऊन तिची घंटी वाजवून येत होती. मतलब काय, ती सायकल म्हणजे माही नववी. ती गेली का मी गेली.

आता टाफीचं आयका. गृहविज्ञानाच्या बाईनं फळ्यावर सणाचे नवीन पदार्थ लिहून देल्ते, बिस्किट आन् टाफी. तुम्ही सगळ्या उतरवून घेऊन झोपल्या, मी करून पाहिले. आमच्या प्रेमलताताईची पहिली दिवाळी, पांढुर्ण्याहून भाऊजी येऊन राहिले होते. म्या म्हटलं, करंज्या-शेव तं सारी दुनिया करते, आपण काहीतरी वेगळं करू.

पहिले बिस्किट. भट्टी कुठं आहे आपल्याकडे? घमेल्यात रेती घातली, घमेलं चुलीवर, रेतीवर ताटली, वरतून परात झाकली आन् परातीवर निखारे. वास असा सुटला का शेजारची शांताबाई कुंपणावरून विचारून गेली. परात उचलली तं बिस्किट खालून काळं, वरून पांढरं आन् मंधात कच्चं. कलाबाई आत्यानं एक चहात बुडवलं. चहा संपला, बिस्किट जसंच्या तसं. आत्या म्हणे, "जपून ठेव बाई, दाराले अडण लागते." आई म्हणे, "आता बस. जवाई येऊन राहिले. पुन्हा काही नवीन केलं तं तुही वही चुलीत."

पण टाफी राहिलीच होती ना. संत्र्याचा रस, साखर, लोणी आन् जिलेटिन. मी किराणा दुकानात विचारलं तं दुकानदारानं मले वरून खालपर्यंत पाह्यलं. "तुमच्याकडे विहीर फोडून राहिले का? ते सुरुंगाचं इथं नाही भेटत पोरी, त्याले लायसन लागते." बरं म्हटलं. घरी येऊन इचार केला का ते टाकतात कायले? चिकटायले. आपल्या घरी चिकटायले काय आहे? डिंक. ताईच्या लाडवासाठी आईनं डबाभर ठेवलेला होता. आई दुपारी लवंडली का म्या दोन मुठी काढला.

रस आटवला, साखर टाकली, लोणी टाकलं, डिंक टाकला. असा रंग आला, पोट्टीहो, जसा आकाशदिव्यात दिवा लागला. तुकडे पाडले आन् आकाशदिव्याच्याच उरलेल्या कागदात गुंडाळले. एक स्वतः खाल्ली. पहिला मिनिट तं काय सांगू. दुसऱ्या मिनिटाले जबडा बंद. आई गोठ्यातून म्हणे, "इंदे, चरवी आण." मी म्हटलं, "म्म." म्हैस पूर्ण दोहून झाली तवा माहं तोंड उघडलं. म्या इचार केला, भाऊजी मोठे माणूस आहेत, त्याइचे दात मजबूत असतीन.

भाऊजी पांढुर्ण्याच्या पोस्टात आहेत. बारीक माणूस, बोलणं कमी, आन् हासले का तोंडावर हात. आम्हाले वाटे, लाजतात.

पाडव्याले जेवणं. भाऊजी मोरीवर हात धुवून राहिले होते, मी लोट्यानं पाणी टाकून राहिली होती. चुपचाप एक टाफी देल्ली. त्याईनं तोंडात टाकली, मस्त म्हणून मान हालवली आन् जाऊन पाटावर बसले.

आता तुमच्याकडेही असंनच ना हे, का पहिल्या दिवाळीले जवाई ताटावर रुसते? बोलत नाही, घास उचलत नाही. सासऱ्यानं एकेक वस्तू देतो म्हणायचं, पसंत पडली का जवाई जेवते. बापूनं नागपूरहून कापड आणून ठेवलं होतं. आत्या म्हणे, पोरगा साधा आहे, कापडावरच रुसवा सोडीन.

बापू म्हणे, "घ्या जवाईबापू, सुरू करा."

भाऊजी चूप.

आत्यानं आईले कोपर मारलं. "पाय, रुसले. मी म्हणत नव्हती?" आत्याले असा आनंद झाला का विचारू नका.

"पँट-शर्टाचं कापड आहे," बापू म्हणे.

भाऊजीनं मान हालवली. कपाळावर घाम.

"माह्या हातातलं घड्याळ घ्या."

भाऊजीनं दोन्ही हात हालवले. आत्या म्हणे, "दोन्ही हातानं नाही म्हणून राहिले. मोठं काहीतरी मनात आहे."

ताई हळूच म्हणे, "अहो, जेवा ना आता." तिच्याकडे पाहून त्याईनं तोंडावर हात ठेवला आन् डोळ्यात पाणी. आत्या म्हणे, "अगं माय, पोराचे डोळे भरले. दादा, काय कंजूषपणा लावला?"

मी दाराआड पुऱ्याची परात घेऊन उभी. मले कळत होतं ना, हे रुसले नाहीत, चिकटले. सांगितलं का वही चुलीत, आन् बापू म्हणणार, पाय, शाळेत हे शिकवतात. नाही सांगितलं तं... तेवढ्यात बापूची नजर ओसरीकडे गेली. झेंडूच्या हाराकडे.

"बरं," बापू म्हणे. "ती सायकल तुमची."

म्या परात खाली ठेवली. "बापू, ते रुसले नाहीत. म्या त्याइले टाफी देल्ली. दात चिकटले त्याइचे."

आई म्हणे, "कोणती टाफी?"

"डिंकाची."

"प्रेमलताच्या लाडवाचा डिंक?"

बापू म्हणे, "खोटं बोलून राहिली ते. सायकलीपायी. एक वेळा शब्द देल्ला तं देल्ला."

आन् आयका आता, भाऊजी ताटावरून उठले. उठले आन् सरळ परसात. आत्यानं छातीवर हात मारला, "ताटावरून उठले, आता कोणतं तोंड दाखवायचं पांढुर्ण्यात?" मी चुलीवरचं गरम पाणी लोट्यात घेतलं आन् मांगं पळाली.

भाऊजी संत्र्याच्या झाडाआड पाठ करून उभे. मी म्हटलं, हे घ्या, चूळ भरा, सुटते ते. त्याईनं मूठ उघडली. मुठीत माही टाफी, आन् टाफीत दात. समोरचा. पांढराशुभ्र.

मले रडूच आलं. "भाऊजी, तुमचा दात पाडला म्या."

"पाडला नाही, निघाला," ते तोंडावर हात ठेवून म्हणे. हवा अशी फसफस निघून राहिली होती. "बसवलेला आहे. तुह्या ताईले माहीत नाही."

सहा महिने झाले लग्नाले. तवा मले समजलं, माणूस लाजत नव्हता, दात झाकत होता.

"मंग खरा कुठं गेला?"

"आठवीत सायकलवरून पडलो. तवापासून सायकलीले हात नाही लावला. आन् तुहा बाप मले तेच देऊन राहिला."

मले हासू आलं. तेही हासले, हात ठेवायचा विसरले, मंधात मोठी खिडकी. मी म्हटलं, भाऊजी, सायकल नको आहे तं आत जाऊन सांगा ना. ते म्हणे, "अशा तोंडानं?"

मंग काय, लागली कामाले. गरम पाण्यात टाफी धरली, दात सुटला. त्याईनं बसवला तं राहीना, बोलले का हाले. म्हटलं, थांबा. त्याच टाफीचा ज्वारीएवढा तुकडा मऊ केला, दाताले मांगून लावला, म्हटलं, दाबून धरा, मी शंभर मोजून राहिली. शंभरावर सोडला. "बोलून पाहा."

"पांढुर्णा," ते म्हणे. "पोस्ट. पुंडलिकराव." बापूचं नाव घेऊनही दात हालला नाही.

आत गेले, पाटावर बसले. बापू अजून उभेच. भाऊजी म्हणे, "मामाजी, सायकल इंदूची आहे. ते शाळेत जाईन. घड्याळ तुमच्या हातात राहू द्या. मले ते टाफीचा डबा पाहिजे. पूर्ण."

"आन् दुसरं काही?"

"दुसरं काहीच नाही." आन् डाव्या दाढेनं घास खाल्ला.

आत्या म्हणे, "साठ वर्षांत असा रुसवा नाही पाह्यला. टाफीसाठी." ताईचा चेहरा तं असा फुलला, जसं तिच्याच हातचं काही मागितलं. आईनं माह्याकडे पाह्यलं, आता गेली वही म्हटलं. आई म्हणे, "काय काय टाकलं होतं, नीट सांग. जवाईले पसंत पडली आहे, पुन्हा करा लागीन."

ते बाहेर सायकल उभी आहे ना झेंडूच्या हाराची, तेच ते. आज प्रार्थनेले मी पहिल्या रांगेत होती, पाह्यलं ना? हेडमास्तरनं हाराकडे पाह्यलं, माह्याकडे पाह्यलं आन् प्रार्थना सुरू केली.

आन् काल पांढुर्ण्याहून कार्ड आलं. पोस्टातलेच माणूस, दोन दिवसांत पोचते. लिहून आहे, चिरंजीव इंदूस आशीर्वाद, टाफी अर्धी झाली, आणखी पाठवावी, डिंक कमी करू नये. खाली ताईनं लिहिलं, हे रोज सकाळी एक तुकडा घेतात, मले एकही देत नाहीत, इतकी कशी वं आवडते यांना.

आता हे कोणाले सांगू नका हं. भाऊजीनं मले हनुमानाची शपथ घालून ठेवली आहे, कोणाच्या कानी जायले नको. मीना, तुहा मामा पांढुर्ण्याच्या त्याच पोस्टात आहे ना? थांब, उठू नको. हात पुढे कर. हे घे, एक तू, एक वंदना. टाका तोंडात, चांगली चावा.

हं. आता घंटी होईपर्यंत तरी काळजी नाही.