दाराला टांगलेला वाटा

ज्या घरात दर्यावर जाणारं कुणी उरलं नाही, त्या घरच्या बाईच्या टोपलीत प्रत्येक होडीने ओंजळभर मासळी टाकायची, ही कोळीवाड्याची जुनी रीत. नवरा काळूराम वारल्यापासून वेणूबाईही टोपली घेऊन बंदरावर उभी राहू लागली. मासळी बेताचीच मिळे, पण भांडणं भरपूर. "हिला मोठी मांदेली, नि मला निसता कचरा?" असं तिने करवादायचं आणि होडीवाल्या विनेशने होडीवरूनच ओरडायचं, "वेणूआये, तुला एकटीला काय देवमासा पायजे?" असा तोंडाचा पट्टा चालला की तिचा दिवस साजरा होई. एरवी बोलायला घरात एक मांजर होतं, आणि तेही जेवणापुरतं.

यंदा ती ओल्या वाळूत घसरून पडली. हाड मोडलं नाही, पण विनेशच्या मनाला लागलं. भला पोरगा. त्याने सगळ्या होडीवाल्यांना बजावलं, "वेणूआयेचा वाटा आता पाळीपाळीने घरपोच. तिला बंदरावर येऊ द्यायचं न्हाय." वेणूबाईला कुणी विचारलं नाही, आणि एवढ्या मायेने केलेल्या गोष्टीला नको म्हणायला तिची जीभ रेटली नाही.

मग रोज दाराच्या कडीला पिशवी लटकू लागली. मोटरसायकल थांबे, कडी वाजे, मोटरसायकल निघून जाई. वेणूबाई गुडघे धरत दारापर्यंत पोचेस्तोवर गल्ली रिकामी. मासळी मात्र पहिल्यापेक्षा चांगली. एकदोनदा ती काठी टेकत बंदराकडे निघाली, तर बायांनीच तिला वाटेतून परत फिरवलं. "विनेश वरडंल आमाला. घरात बस गो निवांत."

ती बसली. इतकी निवांत बसली की आधी केस विंचरायचं सुटलं, मग चूल पेटवायचं. ताप नव्हता, दुखणं नव्हतं; उठावंसंच वाटत नव्हतं. मासळी मांजराला घालायची आणि आपण चहात पाव बुडवायचा. एके दिवशी पिशवी आत घ्यायचाही कंटाळा आला. तिच्यावर दुसरी लटकली, मग तिसरी.

वास गल्लीभर गेला तेव्हा विनेशची बायको दिशा धावत आली. भिंतीशी टेकलेली म्हातारी डोळे उघडून बघतेय हे दिसताच ती मटकन खाली बसली आणि रडायलाच लागली. "आये गो, मला वाटलं..."

"मेले न्हाय मी. बस जरा."

आपल्यासाठी कुणी रडतंय याचं वेणूबाईला फार बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली. दिशाने उंबरा धुतला, चहा केला, गुंता सोडवत तिची वेणी घातली. तेवढ्यात वेणूबाईने विचारून पाहिलं, "मला बंदरावर नेशील?"

"पडशील गो. तुला काय कमी हाय का इथं?" दिशा म्हणाली. निघताना तिने बजावलं, "पिशवी आत घेत जा. न्हायतर घाबरतो आम्ही."

"व्हय," वेणूबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी कडी वाजली. वेणूबाईने दार उघडलं. पिशवीतून पाणी ठिबकत होतं, मासळी ताजी होती, मांजर पायात घुटमळत होतं. तिने पिशवीला हात लावला नाही. दार लोटून घेतलं, केस विंचरले आणि भिंतीशी वाट बघत बसली.